पाठीखालचा तळहात

जप्त केलेला मोबाइल परत आणून टेबलावर ठेवल्याला बराच वेळ झाला, तरी त्याला कोणी हात लावला नव्हता. बालसंरक्षण शाखेच्या अधिकारी बाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या होत्या. समोर पोहण्याचे मास्तर. त्यांनी दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले होते, जणू ते दुसऱ्याच कोणाचे असावेत. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको उभी होती. बोलायला पहिलं तोंड कोणी उघडायचं, हा प्रश्न पंख्यासारखा डोक्यावर फिरत होता.

"सगळं तपासलं," बाई म्हणाल्या. "आक्षेपार्ह काही नाही. प्रकरण बंद झालं."

"उघडलंत भर तलावावर," बायको म्हणाली, "आणि बंद करताय घरात, हळू आवाजात."

बाईंनी मान खाली घातली. मास्तरांनी पाण्याखालून घेतलेलं मुलांचं चित्रण, मोबाइलवरची चित्रं आपोआप तपासणाऱ्या एका यंत्राला संशयास्पद वाटलं, आणि बाई गणवेशात, शिकवणी ऐन रंगात असताना, तलावाच्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. ओल्या फरशीवर पालकांची रांग थिजली होती. पाय मारताना कुठे चुकतं, ते मुलांना दाखवायला मास्तर असं चित्रण करतात, हे तिथल्या कुठल्याही पोराने सांगितलं असतं. विचारायचं तेवढं राहिलं.

"एक विचारू?" मास्तर म्हणाले. "असं बघत राहिल्याने खरंच कोणी सापडतं?"

"सापडतं." बाईंचा आवाज उतरला. "परवाच एक मुलगी सोडवली. घरातलाच माणूस होता."

बायको दारातून पुढे आली आणि खुर्ची ओढून बसली.

"मग बघत जा," मास्तर म्हणाले. "मी नको कसं म्हणू? फक्त बघितल्यावर विचारतही जा."

"पोरं यांना बेडूकमास्तर म्हणतात," बायको म्हणाली. "डिवचलं तरी न फुगणारा बेडूक. माझ्या नशिबी नेमका हाच."

मास्तर किंचित हसले. त्या हसण्याने बाईंना जरा धीर आला.

"तलावावर परत जाता ना?"

"गेलो होतो. काठावर उभा राहून काठीने शिकवलं. पण काठीने तरंगणं येत नाही हो." त्यांनी एक तळहात हवेत आडवा धरला. "मूल उताणं झालं की पाठीखाली असा हात लागतो. मग तो त्याच्या नकळत काढून घ्यायचा. हात आहे या भरवशावर ते एकटंच तरंगत असतं." हात पुन्हा मांडीवर आला. "आता हात लावायचा धीर मला नाही, आणि पालकांनाही नाही. पहिलं कोण पाठवतं, ते सगळे बघताहेत. एकाने पाठवलं की बाकीचे येतील. नाहीतर तलाववाले दुसरा मास्तर बघतील."

बाईंना तो तळहात ओळखीचा होता. बंद खोलीत, त्या चित्रणात, त्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला होता. कितीतरी लहान पाठींखाली, आणि मग हळूच दूर होताना.

"माझी मुलगी तर तोंडावर पाणी उडालं तरी रडते," त्या म्हणाल्या. काहीतरी आपलं, घरचं बोलावं म्हणून.

मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. "भित्री मुलं लवकर शिकतात. ती पाण्याला गृहीत धरत नाहीत."

"मग तिलाच पाठवा ना," बायको म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. आवाज अगदी मऊ होता. "यांना आतून-बाहेरून तपासलेलं तुमच्याइतकं आहे कोण?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, पण तिला थांबवलं नाही. तेही वाट पाहू लागले.

बाईंनी टेबलावरची टोपी उचलली. मोबाइल होता तिथून थोडासा मास्तरांच्या बाजूला सरकवला. दाराशी वाकून त्यांनी बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मग त्या उठल्या, आणि कठड्याला घट्ट धरून, एकेक पायरी जपत, जिना उतरू लागल्या.