तुमडीटोला, चार कोस

आमच्या साहेबांना सायकल चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सायकलीबद्दल ते जे काही बोलले ते सगळं जीपमध्ये नाहीतर खुर्चीत बसून बोलले.

साल सत्तावन. चांदा जिल्ह्यातला आमचा विकासाचा ब्लॉक नवाकोरा होता आणि त्यात आम्ही तीन बायका सरकारी सायकलवाल्या. मी सुगंधा, वरोऱ्याची, बाळंतपणं करणारी नर्स. इंदुताई ग्रामसेविका, वर्ध्याकडची, पंचविशीची, दर सोमवारी काहीतरी नवा संकल्प सोडणारी. आणि आशाबाई, प्रौढशिक्षणाच्या, ज्यांच्या वर्गाला प्रौढ सोडून सगळे येत. पावसाळ्यात नाले भरले की आमच्या सायकली गोदामात धानाच्या पोत्यांना टेकून उभ्या राहत. दिवाळीनंतर वाटा वाळल्या की आमचा हंगाम सुरू, तो थेट मृगापर्यंत.

त्या वर्षी आश्विनात साहेबांनी आम्हाला बोलावलं. टेबलावर छापील तक्ते. प्रत्येकीनं येत्या हंगामाचं आपलं लक्ष्य आपल्या हातानं लिहायचं. किती मैल, किती वेळात, आणि शरीर किती तयार करणार तेही.

"वरून लादलेलं नको. लक्ष्य आतून आलं पाहिजे," साहेब म्हणाले. मग आतून काय यायला हवं ते त्यांनी पाऊण तास समजावून सांगितलं.

त्यानंतर आमची वजनं झाली, गोदामातल्या धानाच्या काट्यावर. हमालांनी हसू नये म्हणून त्यांना बाहेर काढलं, तर ते खिडकीतून हसले. इंदुताई एक मण एकवीस शेर भरली आणि तिथल्या तिथे तिनं सहा शेर उतरवायचं लिहून टाकलं. आशाबाईंनी लिहिलं, घाटाचा चढ सायकलवरून न उतरता चढेन. त्यांना ऑफिसच्या तीन पायऱ्या चढतानाही धाप लागे, पण लिहायला काय जातं! मी माझा रकाना कोरा ठेवला. असल्या पोरखेळात मला रस नव्हता, आणि मी त्या दोघींहून शहाणी आहे असं माझं पक्कं मत होतं.

माझं लक्ष्य दोन दिवसांनी बाजारात आलं. तुमडीटोल्याचा झाडू नावाचा गोंड म्हातारा आपल्या सुनेला घेऊन माझ्याकडे आला. धुरपता तिचं नाव, असेल वीस-एकवीस वर्षांची, सातवा महिना. आधीची दोन गेलेली. एक जन्मताच, दुसरं बाराव्या दिवशी, आणि दोन्ही मंगलीच्या हातची. मंगली ही त्यांच्या गावची म्हातारी सुईण. तिला मी एकदा बाजारात पाहिलं होतं. एका डोळ्यात फूल पडलेलं, आणि कंबरेला नाळ कापायचा विळा. तो विळा पाहून माझ्या अंगाची आग झाली होती.

धुरपता खाली बघून म्हणाली, "बाई, हे तरी राह्यलं पाह्यजे."

तेवढंच बोलली. मी तिचा हात धरून तिला सांगितलं, "राहील. मी येईन. मंगलीले हात लावू देऊ नका. समजलं?"

झाडू जरा घुटमळला. "मंगली तं आठ दिस आंगोदर घरीच येऊन राह्यते, बाई. तिथंच खाते, तिथंच झोपते. तुमी बी येऊन राहा ना. घर सारवून ठेवतो."

मला हसू आलं. सरकारी नर्स आठ दिवस कुणाच्या अंगणात बसून काय करणार, कोंबड्या मोजणार? तरीही साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "बसून राहण्याला तक्त्यात रकाना नाही." ते वाक्य तेव्हा मला फारच पटलं.

"गाव किती लांब हाये?" मी झाडूला विचारलं.

"चार कोस."

कोस म्हणजे दोन मैल, हे शाळेत पाठ केलेलं. चार दुणे आठ. मी ऑफिसात गेले आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं: आठ मैल, एका तासाच्या आत. साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी माझा तक्ता भिंतीवर लावला. पुढच्या बाजारात धुरपतेलाही सांगून टाकलं, निरोप मिळाला की तासाभरात येते.

मग मी सरावाला लागले. पहाटे पाण्याचा तांब्या पिऊन वरोऱ्याच्या सडकेवर. ही सडकही साहेबांचीच आज्ञा. तिथे मैलाचे दगड होते, म्हणजे मैल मोजता येत. जंगलातल्या वाटेवर दगड नाहीत, मग तिथला सराव लिहायचा कसा? तुमडीटोल्याची वाट एकदा बघून यावी असं माझ्या मनात आलं होतं. पण नाला सायकल नेण्याइतका कार्तिकापर्यंत उतरला नाही, आणि उतरला तोवर मला सडकेची चटक लागली होती. खरं सांगायचं तर तिथे मला बघणारे लोक होते. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून मी निघाले की गाडीवाले बैल थांबवून बघत. इंदुताईची पाचवारी रोज साखळीत अडकायची, आणि ती घड्याळ घेऊन दगडावर बसायची. पहिल्या दिवशी मला आठ मैलांना एक तास दहा मिनिटं लागली. दिवाळीला एक तास. मार्गशीर्ष लागला तेव्हा बावन्न मिनिटं. मांड्या लाकडासारख्या झाल्या, भाकरी दुप्पट जाऊ लागली. अडतिसाव्या वर्षी आपल्या अंगात एवढं बळ आहे हे कळल्यावर मी गावात जरा मान वर करूनच चालत होते.

इंदुताईला तेवढ्यात हिवताप झाला. महिनाभर पडून होती. उठली तेव्हा सात शेर उतरली होती. साहेबांनी तिच्या नावापुढे लिहिलं, लक्ष्य पूर्ण, एक शेर जास्त.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, आठच्या सुमाराला, झाडू माझ्या दारात उभा राहिला. पाय गुडघ्यापर्यंत दवानं आणि धुळीनं माखलेले.

"बाई, पोरीच्या पोटात दुखून राह्यलं. चला लवकर."

"कधी निघालास घरून?"

"कोंबड्यानं पयली बांग देली तवा."

म्हणजे तीनच्या सुमाराला. आठ मैलांना पाच तास! म्हाताऱ्याच्या चालीची मला कीव आली. तेव्हाच डोकं चालवायला हवं होतं. जन्मभर जंगलात चाललेला माणूस, घरात सून कळा देत असताना, रमतगमत येईल का? पण माझ्या डोक्यात बावन्न मिनिटं बसली होती, दुसऱ्या कशाला तिथे जागा नव्हती.

"तू सावकाश ये," मी म्हटलं. "नऊ वाजता मी तिच्याजवळ असन."

पिशवी मागे बांधली आणि निघाले. नाल्यापर्यंत वाट बरी होती. नाल्यात रेती, तिथे उतरून सायकल खांद्यावर घेतली. पुढे सागाचं जंगल, मुळं वर आलेली, चाकाला दर हाताला धक्का. मी घड्याळ बघत होते. नऊ वाजले, गाव नाही. माझे आठ मैल झाले होते, हे मला पायांवरून कळत होतं. दोन महिने मी त्यांना दुसरं काही शिकवलंच नव्हतं. सव्वानऊ. समोरून दोन बाया मोळ्या घेऊन आल्या.

"तुमडीटोला कुठी राह्यला?" मी ओरडले.

एकीनं मोळी न उतरवताच हनुवटीनं वाट दाखवली. "पुढंच हाये. दीड कोस."

दीड कोस! मला त्या बाईचा संताप आला, झाडूचा आला, सगळ्या जंगलाचा आला. यांना साधं अंतर सांगता येत नाही आणि यांच्यासाठी आम्ही हाडं मोडून घ्यायची. शिव्या देत मी पायडल मारत राहिले. दोनदा पडले. कोपर फुटलं ते गावात पोचल्यावर दिसलं.

दहा वाजून दहा मिनिटांनी मी तुमडीटोल्यात शिरले. मोहाच्या झाडाखाली मंगली उकिडवी बसली होती, हात गुडघ्यांत घेऊन. शेजारी पाण्याचं मडकं भरून ठेवलेलं. ते तिनं बाळंतिणीसाठी भरलं होतं आणि आत कुणी नेलं नव्हतं.

घरात फक्त धुरपतेची सासू होती. आयुष्यात तिनं दुसरीचं बाळंतपण केलेलं नव्हतं. बाळ अर्ध्या तासापूर्वी आलं होतं. मुलगा. चांगला भरलेला, निळा. नाळेचे दोन वेढे गळ्याला तसेच होते. ही बोटानं सोडवायची गोष्ट. अर्धं मिनिट लागत नाही. मी शंभरदा सोडवली असेल, आणि मंगलीनं माझ्याहून जास्त वेळा. मी त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली, गरम पाणी मागितलं, थंड पाणी मागितलं. सगळं केलं, आणि पहिल्या क्षणापासून मला ठाऊक होतं की हे उगाच चाललंय.

बाहेर येऊन मी मंगलीवर ओरडले. "आत काऊन नाई गेलीस तू?"

तिनं चांगला डोळा माझ्याकडे केला. "तुमी नाई म्हटलं होतं ना, बाई. सासूनं दोनदा बलावलं. पोरगीच म्हणे, थांबा, बाई येते. तासाभरात येते म्हणे."

झाडू दुपारी पोचला. त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. तो अंगणात बसला. मी त्याच्यासमोर बसले, आणि मला दुसरं काही सुचेना म्हणून विचारलं, "झाडू, चार कोस म्हटलं होतंस ना?"

"चारच हाये, बाई."

त्यानं मला समजावलं, अगदी शांतपणे, लहान मुलाला सांगावं तसं. गावातून निघताना हिरवी डहाळी तोडून खांद्यावर घ्यायची. पानं कोमेजून मान टाकतात तिथे एक कोस होतो. मग दुसरी डहाळी तोडायची. तुमडीटोल्यापासून बाजारापर्यंत चार डहाळ्या लागतात. त्याच्या बापालाही चारच लागत.

"थंडीत पाला लवकर सुकत नाई," तो म्हणाला. "मून थंडीत कोस जरा लांबते."

त्यानं मला खोटं सांगितलं नव्हतं. गाव किती लांब आहे हे मी विचारलं होतं, त्यानं सांगितलं होतं, आणि मी ते न बघता, न चालता, दोननं गुणून भिंतीवर लावलं होतं. तासाभरात येते, हे मी त्या पोरीला सांगितलं होतं आणि तिनं ते मानलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं, आणि पहिल्यांदाच तो राग दुसऱ्या कुणावर नव्हता.

ब्लॉकमध्ये परत आल्यावर साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी "अरेरे" म्हटलं. मग नकाशावर पट्टी ठेवली.

"चौदा मैल होतात हो! किती वेळ लागला म्हणालात?"

"दोन तास दहा मिनिटं."

"रेती, जंगल आणि चौदा मैल," ते स्वतःशीच म्हणाले आणि लिहू लागले. मी म्हटलं, साहेब, मूल गेलं. ते म्हणाले, हो, त्याची नोंद वेगळ्या तक्त्यात होते.

फाल्गुनात शाळेच्या पटांगणात समारंभ झाला. जिल्ह्याहून मोठे साहेब येणार म्हणून गावोगावची माणसं ट्रकनं आणली होती. टाळ्यांना माणसं लागतात. मी जाणार नव्हते. पण गैरहजर राहिले तर तुमडीटोला माझ्याकडून काढून घेतील अशी आशाबाईंनी भीती घातली, आणि तेवढं एक गाव मला सोडायचं नव्हतं. इंदुताईला सात शेरांबद्दल हार मिळाला. घाटाचा चढ अजून शिल्लक असल्यामुळे आशाबाईंना उत्तेजनाचा मिळाला. मग माझं नाव पुकारलं. लक्ष्य आठ मैल, साध्य चौदा मैल, सर्व ब्लॉकमधून पहिली.

मी व्यासपीठावर चढले. सांगावं, माइक हिसकावून सगळं सांगावं, असं दोन महिने मनात घोळवत होते. समोर पहिल्या रांगेत बायका जमिनीवर बसल्या होत्या. त्यांत धुरपता होती. तिचं अंग उतरलं होतं, डोक्याला तेल लावून ती नीट बसली होती. साहेबांनी हात वर केला तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारणीनं तिला कोपरानं ढोसून काहीतरी सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिनंही वाजवल्या.

नंतर मी तिला गर्दीत गाठलं. तीच बोलली.

"बाई, तुमी सगळ्याईत लांब आल्या म्हनते. माह्याच साठी आल्या होत्या ना?"

मी हो म्हटलं. ट्रक निघायला आला होता, आणि ती धावत जाऊन त्यात चढली.