नऊ चिंचांचा जाणकार

सुप्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत, सहादेवची पाच एकर जमीन होती आणि तिच्या बांधावर नऊ चिंचा. जमीन सहादेवची, पण चिंचा बाबाजानच्या, असं गावात कुणीही सांगितलं असतं. बाबाजान बागवान तीस वर्षं त्या झाडांचा बहार, म्हणजे झाडावरचं सालाचं पीक, विकत घेत आला होता. फुलं धरली की तो येऊन झाडाखाली उभा राहायचा, मान वर करून फिरायचा, आणि यंदा किती पोती उतरतील ते सांगायचा. दोन-चार पोत्यांचाच फरक पडायचा. झाडांना त्यानं नावंही दिली होती. विहिरीवरची, कुबडी, थोरली, आंबटढोण. शेजारी शेजारी उभ्या दोघींना तो बहिणी म्हणायचा. मार्चमध्ये त्याची बायको हाजराबी चार बायका घेऊन यायची, झोडलेली चिंच गोळा करायची, आणि मग उन्हाळाभर त्यांच्या अंगणात चिंच फोडायचं काम चालायचं.

त्या वर्षी शेवटची पोती टेम्पोत चढवून झाली तेव्हा सहादेव बांधावर येऊन बसला. बाबाजाननं पुढच्या बहाराचा विषय काढला, तर सहादेव म्हणाला, "पुढल्या सालचं बोलू नको. जमीन दिली पोरांनी."

"समदी?"

"समदी. घरं बांधनारेत. एमआयडीसीतल्या कामगारांसाठी."

बाबाजाननं मान वर करून झाडांकडे बघितलं. मग त्यानं विचारलं, "आन् चिंचा?"

"चिंचा न्हाई तोडायच्या. उचलून दुसरीकडं लावनार म्हने. परवानगीच्या कागदावर तसं लिवलंय."

बाबाजानला वाटलं सहादेव त्याची समजूत काढतोय. पण पंधरा दिवसांनी खरंच एक पोरगी स्कूटीवरून त्याच्या दारात आली. दिशा तिचं नाव. नगरची होती, बांधकाम कंपनीत झाडांचं काम तिच्याकडे होतं. सहादेवनंच तिला पाठवलं होतं, की झाडांचं काही विचारायचं तर बाबाजानला विचारा.

"चाचा, नऊच्या नऊ झाडं हलवायची आहेत," ती म्हणाली. "ती जगवायची आहेत, आणि वर सत्तावीस नवी रोपं लावायची आहेत. अट आहे तशी. मला यातलं पुस्तकातलं माहितीये, पण एवढी मोठी चिंच मी कधी हलवलेली नाही."

तिचा हा खरेपणा बाबाजानला आवडला. तो सांगत गेला. आधी एका अंगाच्या मुळ्या तोडायच्या आणि एक पावसाळा जाऊ द्यायचा. तिथं बारीक मुळ्या फुटल्या की दुसऱ्या अंगाच्या तोडायच्या. तिसऱ्या साली, पाऊस लागून जमीन ओली झाली की झाड उचलायचं. आणि दोन उन्हाळे काढल्याशिवाय झाड लागलं असं कुणी म्हणायचं नाही. दिशा वहीत सगळं उतरवून घेत होती. बाबाजानचं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. ती गेल्यावर तो हाजराबीला म्हणाला, "पोरगी चांगली हाय. ऐकून घेती."

एप्रिलच्या शेवटी दिशा परत आली ती उभ्या उभ्याच बोलली. "चाचा, मे महिन्यातच हलवायची ठरलीत. पावसाआधी आतला रस्ता झाला पाहिजे, आणि रस्ता बांधावरूनच जातोय."

"मे मधी?"

"मी तुमचं सगळं सांगितलं त्यांना. वही दाखवली. ते म्हणाले, तीन वर्षं थांबायचं तर मग घरं कशाला बांधतोय." मग तिनं विचारलं, "तुम्ही येऊन उभे राहाल का? देखरेखीचं काम मी तुमच्या नावावर लावते."

नाही म्हणायला हवं होतं, असं त्याला नंतर अनेकदा वाटलं. पण त्या वेळी त्याच्या मनात एवढंच आलं की आपण नसलो तर हे लोक झाडं आणखीच वाईट हाताळतील.

आठ दिवस काम चाललं. आधी करवतीनं फांद्या उतरवल्या. मग जेसीबीनं बुडाभोवती गोल चर खणला, मुळ्या तुटताना खाटखाट आवाज यायचा. मातीच्या गड्ड्याला गोणपाट शिवायचं, पट्टे घालायचे आणि क्रेननं उचलायचं. बाबाजान प्रत्येक झाडाच्या कापल्या टोकांना शेणमातीचा लेप लावत शिडीवर चढ-उतर करत होता. त्याचं वय बासष्ट. हाजराबी दुपारी भाकरी घेऊन आली आणि ती उघडी खोडं बघून माघारी वळली. भाकरीचं फडकं तिनं काम बघायला आलेल्या सहादेवच्या हातात दिलं.

नवी जागा वसाहतीच्या मागच्या अंगाला होती, विजेच्या तारांखाली. तिथं हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली कातळ होता. ब्रेकर लावून खड्डे फोडले होते.

"म्याडम, ह्ये खड्डे न्हाईत, रांजन हायेत," बाबाजान म्हणाला. "मुळीनं जायाचं कुठं?"

"याच्या खाली मशीन जात नाहीये, चाचा. नकाशात मोकळी जागा एवढीच आहे."

नऊ खोडं त्या खड्ड्यांत उभी राहिली. सत्तावीस रोपंही आली, गुलमोहर आणि कसलीशी शोभेची झाडं, आणि मुरमात ओळीनं खोचली गेली. रोज सकाळी टँकर यायचा. बाबाजान पाइप हातात घेऊन एकेका खोडापाशी उभा राहायचा आणि पाणी जिरेपर्यंत पुढं सरकायचा नाही.

जूनच्या अखेरीला थोरलीला पालवी फुटली. लालसर, नखाएवढी. चार दिवसांत विहिरीवरची फुटली, मग दोघी बहिणी. महिनाभरात नऊही खोडांवर पालवीचे झुबके आले. दिशानं इतके फोटो काढले की तिच्या मोबाईलमधली जागा संपली. सहादेव सुप्याच्या नव्या घरातून मोटरसायकलवर बघायला आला, त्यानं कुबडीच्या खोडावर हात फिरवला आणि डोळे पुसले.

बाबाजानला माहीत होतं. त्याच्या स्वतःच्या अंगणात एकदा चिंचेचा तोडलेला ओंडका पडून होता, त्यालाही पावसाळाभर पानं येत होती. खोडात पाणी असतं, साठवलेलं बळ असतं, त्याच्यावर पालवी येते. मुळ्या धरल्यात की नाही हे पालवी सांगत नाही. हे तो पोराटोरांना सांगत आला होता. पण रोज सकाळी ती हिरवी पानं बघताना त्यालाही वाटायला लागलं की ही झाडं वेगळी आहेत, जुनी आहेत, बळाची आहेत.

ऑगस्टमध्ये पाहणी झाली. जीपमधून एक सरकारी अधिकारी उतरले. त्यांच्या हातात छापील फॉर्म होता. त्यांनी खोडं मोजली, रोपं मोजली, मग छत्री धरून उभ्या असलेल्या बाबाजानकडे वळले.

"हे कोण?"

"स्थानिक जाणकार आहेत, सर," दिशा म्हणाली. "तीस वर्षं याच झाडांची चिंच घेतात."

"मग तुम्हीच सांगा, बाबा. लागलीत का झाडं?"

आदल्या दिवशी दिशानं त्याला समजावलं होतं. पाहणीत काही खोट निघाली तर कंपनी झाडांचा नाद सोडेल, थोडा दंड भरून मोकळी होईल. पाहणी नीट झाली तर ती स्वतः दोन वर्षं टँकर चालू ठेवायला लावेल. ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटत होतं.

बाबाजाननं थोरलीकडे पाहिलं. पावसानं धुतलेली पानं चमकत होती.

"लागलीत साहेब," तो म्हणाला. "जगत्यात."

अधिकाऱ्यांनी लिहिलं. बाबाजानची सही घेतली, मोबाईल नंबर घेतला आणि जीप गेली.

घरी येऊन त्यानं हाजराबीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "दोन उन्हाळे झाले का?"

"न्हाई."

"मग तुमी कसं सांगितलं?"

त्यानं ओली छत्री दाराशी वाळत ठेवली. ती तांदूळ निवडतच राहिली.

दिवाळीनंतर टँकर एक दिवसाआड यायला लागला, मग आठवड्यातून एकदा, मग बंद झाला. दिशाची पुण्याकडच्या दुसऱ्या कामावर बदली झाली होती. तिच्या जागी कल्याण नावाचा माणूस आला. त्याच्याकडे झाडांचं काम नव्हतं, विक्रीचं होतं. बाबाजाननं टँकरचं विचारलं तेव्हा तो सरळपणे म्हणाला, "चाचा, दाखला मिळालाय. झाडांची फाइल बंद झाली. आता त्याच्यात टँकरचा खर्च बसत नाही."

बाबाजान आपल्या टेम्पोतून पाण्याचे ड्रम आणू लागला. एका खेपेत दोन झाडं व्हायची. रोपं त्याच्यानं होईनात, ती डिसेंबरातच वाळली, आणि त्या जागेवर गाड्या लावायला फरशी बसवली. जानेवारीत आंबटढोणची पानं गळाली. बाबाजाननं कुदळ घेऊन तिच्या बुडाशी खणलं. हातभर खाली गोणपाट लागलं. शिवण जशीच्या तशी होती. आतून एकही मुळी बाहेर आलेली नव्हती. त्यानं गोणपाट फाडून बघितलं, माती कोरडी होती, आणि तुटल्या मुळ्यांची टोकं काळी पडली होती. तो खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. आठ महिने आपण पाणी घातलं ते कातळाला घातलं, हे त्याला तेव्हा कळलं.

मार्चपर्यंत सात झाडं गेली. त्यानं दिशाला फोन लावला.

"चाचा, मी काय करू?" ती म्हणाली. मागे कसल्यातरी मशीनचा आवाज येत होता. "मी दोनदा मेल केला त्यांना. ते मला तुमच्या सहीचा कागद पाठवतात." मग ती म्हणाली, "मी तुम्हाला तसं सांगायला लावायला नको होतं."

"तुमी न्हाई लावलं," बाबाजान म्हणाला. "मला बी तसंच वाटायचं हुतं."

एप्रिलमध्ये तो पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेला. तिथल्या कारकुनानं फाइल काढून दाखवली, माणूस वाईट नव्हता. कागदावर लिहिलं होतं, 'स्थलांतरित नऊ झाडे जिवंत. स्थानिक जाणकार व्यक्तीने खात्री दिली.' खाली बाबाजानची वाकडीतिकडी सही होती.

"ह्ये खोटं हाय," बाबाजान म्हणाला. "मी खोटं बोललो. तसं लिवून घ्या."

"लिहून घेतलं तर ते तुमच्यावर येईल, बाबा. कंपनीवर नाही."

"येऊ द्या."

कारकुनानं त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला, शिक्का मारला, पोच दिली. पाहणी परत होते का, असं बाबाजाननं विचारलं. कारकून म्हणाला, एकदा झालेली पाहणी परत झालेली त्यानं तरी पाहिली नाही.

जूनमध्ये राहायला आलेल्या लोकांनी तक्रार केली की वाळलेली खोडं पोरांच्या अंगावर पडतील. जेसीबीनं अर्ध्या दिवसात नऊही उपटून टाकली. शेवटपर्यंत थोरलीवर चार-पाच पानं होती. ती जिवंत आहे म्हणून बाबाजान ड्रायव्हरला सांगत राहिला, पण एकटी कशाला ठेवायची, असं सगळ्यांना वाटलं. नगरहून एक व्यापारी आला, त्यानं खोडांचे काप करून नेले. चिंचेचं लाकूड चिवट, मटणाच्या दुकानात ठोकळ्याला चालतं. सहादेव रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होता. बाबाजान जवळ गेला तेव्हा तो म्हणाला, "मला वाटलं हुतं, जमीन गेली तरी ही ऱ्हातील." बाबाजानला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण तो ठेवला नाही.

त्या उन्हाळ्यातच हाजराबी मार्केट यार्डाजवळ दुसऱ्याच्या वखारीत चिंच फोडायला जाऊ लागली होती. बाबाजान टेम्पोतून भाजी वाहायचा.

पुढच्या जानेवारीत कल्याणचा फोन आला. पारनेरच्या बाजूला कंपनीचं नवीन काम निघालं होतं, बावीस झाडं हलवायची होती. "चाचा, तुमचं नाव टाकलंय जाणकार म्हणून. गेल्या वेळी तुमच्या नावावर काम लगेच झालं होतं."

"माझं नाव काढा," बाबाजान म्हणाला. "मी अर्ज दिलाय. मी खोटं बोललो असं लिवून दिलंय."

"तो अर्ज कुठल्या फाइलला लागला नाही, चाचा. आणि तुम्ही नाही म्हणालात तर दुसरं कुणीतरी असेलच ना."

दुसऱ्या दिवशी बाबाजान एसटीनं तिकडे गेला. सकाळची वेळ होती. चिंचाच होत्या, सहादेवच्या होत्या त्याहून जुन्या. बुंध्यांवर पांढऱ्या रंगानं आकडे घातले होते. झाडांखाली एक बाई काटक्या वेचत होती. तिचं नाव रतनबाई, शेत तिच्या नवऱ्याचं होतं, आता लेकांनी दिलं होतं. बाबाजाननं आपण कोण ते सांगितलं. सुप्याला काय झालं तेही सांगितलं, गोणपाटासकट सगळं. ती काटक्या खाली ठेवून ऐकत राहिली.

"मग आता काय करावं?" तिनं विचारलं.

बाबाजाननं मान वर केली. फांद्यांवर चिंचेचे आकडे भरलेले होते, अजून पुरते पिकलेले नव्हते, गाभुळले होते. सवयीनं त्यानं किती पोती उतरतील ते मनात धरलं.

"कधी उचलनारेत?"

"फेब्रुवारीत म्हनत्यात."

"मग पिकायची वाट बघू नका," तो म्हणाला. "ह्या आठवड्यातच झोडून घ्या. गाभुळली बी चालती, घरात सुकवा."

रतनबाईनं झाडाकडे बघितलं आणि म्हणाली, की घरात काठी आहे पण वर चढणारं कुणी नाही. बाबाजाननं चप्पल काढून ठेवली.