खरकट्या पाण्याची वांगी

प्लेगच्या साली आमचं गाव खासबाग ओस पडलं आणि आम्ही येळ्ळूरच्या वाटेला, भावकूआप्पांच्या रानात झोपड्या घालून राहिलो. रान त्यांचं, विहीरही त्यांचीच. आदल्या साली पावसानं दगा दिला होता, त्यामुळे फाल्गुनातच विहिरीचा तळ दिसायला लागला. मग घरटी दोन घागरी ठरल्या आणि वाटणीवर तालमीतल्या नागोजीला बसवलं. चोरून पाणी काढेल त्याला रानातून हाकलायचं, हेही ठरलं. हाकलल्यावर जायचं कुठं? प्लेगच्या गावची माणसं कुणी दारात उभी करत नव्हतं.

आमचे हे, मार्तंडराव, वकील. कोर्ट बंद पडलं तसे ह्यांचे हात शिवशिवायला लागले. जन्मात गवताची काडी न उपटलेला माणूस म्हणाला, वांगी लावतो. त्याची युक्तीही ह्यांचीच. रॉकेलच्या डब्यात तळाशी पाणी, वर दगडांवर टेकवलेली फळी, फळीवर माती. फळीच्या भोकातून कापडाची वात खाली पाण्यात सोडायची, म्हणजे माती लागेल तेवढं पाणी आपलं आपण ओढते. पाणी ओतायला कोपऱ्यात वेळूची नळी. पहिल्या वातीला ह्यांनी माझं कोरं लुगडं फाडलं. कोऱ्या कापडातली खळ गेलेली नसते, ते पाणी ओढेना. रोपंही गेली आणि लुगडंही. मी बोलणंच टाकलं. मग ह्यांचं जुनं धोतर फाडलं, तेव्हा कुठं वात चालली. आणि पाणी कुठलं, तर माझ्या भांडी घासल्याचं. एरवी ते जमिनीत जिरायचं, आता नळीत जायला लागलं.

सगळं रान करपलेलं आणि आमच्या दारात हिरवीगार वांगी. लोकांच्या डोळ्यांत ती सलायला लागली. त्यात नागोजीची म्हैस पाण्यावाचून मेली.

त्याच सकाळी तो काठी घेऊन आला, मागं चारपाच जण. हे पानांवरची कीड वेचत बसले होते. आल्या आल्या त्यानं ह्यांच्या पाठीत काठी घातली. हे तोंडावर पडले. मग त्यानं डब्याला लाथ मारली. डबा कलंडला, माती सांडली आणि फळीखालचं पाणी सगळ्यांच्या देखत वाहिलं.

"बघा, चोरीचं पानी. डब्यात दडवून ठेवलंय."

पाणी वाचवलं त्याचाच चोरीचा पुरावा झाला. कुणीतरी दगड मारला, ह्यांचं कपाळ फुटलं. कुणी आमच्या झोपडीची मेढ उपटायला लागलं. आणि हे रक्तानं भरलेल्या तोंडानं म्हणत होते, आधी पंच बोलवा, साक्षी घ्या. लाठ्या खाताना साक्षी मागणारा नवरा माझ्याच नशिबी यायचा होता!

आरडाओरडा ऐकून भावकूआप्पा आले. मी त्यांना म्हटलं, मला काही सांगायचं नाही, त्या पाण्याचा वास घ्या. म्हातारा वाकला, चिखलात बोटं बुडवली, हुंगली.

"राखंचं पानी हाय रं ह्ये. भांड्याचं. भाताची शितं हाईत ह्यात. चोरी न्हाय ही."

मेढ उपटणारे थांबले. नागोजीलाही कळलं, त्याच्या तोंडावर ते दिसलं. पण मान खाली घालण्यापेक्षा काठी उचलणं त्याला सोपं गेलं. ह्यांनी हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. काठी पुन्हा वर गेली, ती डोक्यासाठी होती. सांडलेल्या मातीत खुरपं पडलं होतं. ते मी उचललं आणि त्याच्या मनगटावर मारलं. काठी पडली, त्याचं रक्त माझ्या पायांवर उडालं. मला वाईट वाटलं नाही. आणखी एक घालावा असंच वाटलं.

ती पाळी आली नाही. त्याच्या मागून आलेल्यांनीच ती काठी उचलली आणि त्याला रांगत पळेपर्यंत मारलं. मघाशी आमची झोपडी पाडणारे आता न्यायाच्या गोष्टी करायला लागले. उद्यापासून नागोजीच्या घरात पाण्याचा थेंब जाणार नाही म्हणाले, आणि वाटणीवर मला बसवलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं भरून झाल्यावर नागोजीची बायको बाळाबाई आली. रिकामी घागर विहिरीच्या काठावर ठेवून लांब उभी राहिली. ह्यांचा हात फळ्यांत बांधलेला, रात्रभर कण्हत होते. ती घागर लाथेनं विहिरीत ढकलावी असं माझ्या मनात आलं. मग तिनं पदर सावरला. तिचा एक डोळा सुजून मिटला होता, गालावर काळानिळा वळ होता. लोकांनी नागोजीला मारलं होतं आणि नागोजीनं घरी जाऊन हिला.

बाजूच्या माणसानं हटकलं. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. घागर भरली, तिच्या डोक्यावर दिली.

"उद्या पुन्हा ये," मी म्हटलं. "आणि त्यानं हात उगारला तर मला हाक मार. खुरपं माझ्याकडंच आहे."