पहिल्यांना जाऊ द्यायचं

विमान नदीवर उतरलं, सामान काठावर आलं आणि प्रुएटबाईंना पहिल्यांदा दिसली ती वेल्माची बंदूक. बाई एकाहत्तर वर्षांच्या, ओहायोतल्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज अजून शाळेतलाच.

"हे काय आहे?"

"बंदूक," वेल्मा म्हणाली.

"ते दिसतंय मला. आपण इथे जनावरं बघायला आलोय, मारायला नाही."

"बरोबर आहे, बाई. पण अस्वल आलं तर त्याला हे समजावणार कोण?"

रस खो खो हसला. हा कॅनडातल्या मॅनिटोबाचा निवृत्त अग्निशामक, पोट भलं मोठं आणि जीभ सैल. तिसरा पाहुणा हान्नेस, जर्मन, हाताएवढं लांब भिंग लावलेला कॅमेरा लेकरासारखा छातीशी धरून बसणारा. हे तिघं आणि त्यांना वाट दाखवणारी वेल्मा पीटर, अशी ही सहल. सहा दिवस, कॅनडातल्या युकॉनच्या पार उत्तरेला, वेल्माच्या ग्विचिन आदिवासी लोकांच्या मुलखात. तंबू ठोकले होते नदीच्या वरच्या उताराजवळ. शरदात दक्षिणेकडे निघालेले कॅरिबू, म्हणजे इथले रानटी रेनडियर, याच जागी नदी पोहून पार करतात आणि मग काठाकाठाने खाली पन्नास किलोमीटरवरच्या गावापाशी येतात. वेल्माचं गाव ते.

पहिल्याच संध्याकाळी वेल्माने सगळ्यांना एक गोष्ट बजावली. "कळपाच्या पुढे चालणारे थोडेसे येतील, कुठल्या वाटेने जायचं ते ठरवणारे. ते आले की हलायचं नाही, बोलायचं नाही, फोटोसुद्धा नाही. पहिल्यांना जाऊ द्यायचं. त्यांच्या पायांच्या वासावर मागचे येतात. ते बिचकले की अख्खा कळप डोंगरापलीकडून जातो."

"फोटोसुद्धा नाही?" हान्नेसचा चेहरा उतरला. "मी त्यासाठीच आलोय."

"मागून हजारोंनी येतील. हवे तेवढे काढा."

एवढं सांगून ती चहा करायला लागली. बाकीचं तिने सांगितलं नाही. गेली दोन वर्षं कळप गावाकडे फिरकलाच नव्हता, घराघरातले फ्रीजर रिकामे होते, हे तिने सांगितलं नाही. आणि बावीस वर्षांपूर्वीचं तर तिने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं.

मग एकेक संकट रांगेने आलं. तिसऱ्या दिवशी रसने धान्याच्या पिंपातून गुपचूप चॉकलेट काढलं आणि कडी लावायला विसरला. दुपारी सगळे फिरून आले तर पिंप ओढ्यात आणि त्यात अस्वलाचं डोकं! वेल्माने हवेत बार काढला तेव्हा अस्वल निघून गेलं, पण जेवण करूनच गेलं. सातव्या दिवशी विमान यायचं, तर धुकं उतरलं. असं उतरलं की समोरचा काठ दिसेना. वर पाऊस झाल्याने नदी फुगली, ओंडके वाहायला लागले, गावातून होडी येणं शक्य नव्हतं. गढूळ पाण्यात मासाही गळाला लागेना. उरलं काय, तर पिठाची एक पिशवी, चहा आणि वेल्माच्या झोळीतला थोडा सुका सामन मासा.

रोज संध्याकाळी सहाला ती रेडिओवर गावाशी बोले. पलीकडे मिरियम मावशी असायची, त्र्याऐंशीची, गावात सगळ्यात वडील.

"विमान उद्याही नाही गं. धुकं आहे. तुमचं खाणं?"

"चाललंय."

"आणि ते? दिसले का?"

"नाही अजून, मावशी."

"बरं," मावशी म्हणे आणि बटण सोडे. त्या 'बरं'मध्ये अख्खं गाव वाट बघत असे.

धुकं उतरल्यापासूनचा चौथा, उपासाचा दिवस उजाडला. माणशी एक जाड भाकरी. सकाळी प्रुएटबाई तंबूतून बाहेर आल्या, दोन पावलं टाकली आणि मटकन खाली बसल्या. "काही नाही, काही नाही," म्हणाल्या, पण ओठ पांढरे पडले होते. वेल्माने आपली भाकरी त्यांना दिली. त्यांनी ती मोडून अर्धी परत केली. ही बाई माझ्या सहलीत मेली तर, असा विचार वेल्माच्या मनात आला आणि जाता जाईना.

त्याच दिवशी दुपारी धुकं थोडं वर उचललं आणि समोरच्या काठावर ते दिसले.

आठ-दहाच होते. पुढे एक म्हातारी मादी, एक शिंग वाकडं, अंगावरचे केस जागोजागी झडलेले. तिने पाणी हुंगलं, इकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. चौघं झुडपांत पालथी पडली होती. वारा त्यांच्याच तोंडावर येत होता, तेवढं नशीब.

म्हातारी पाण्यात शिरली. बाकीच्या मागोमाग. तरंगती शिंगं सरळ त्यांच्याच दिशेने येऊ लागली. साठ पावलांवर त्या काठाला लागल्या आणि अंग झाडू लागल्या.

"वेल्मा," रस कुजबुजला. "अगं, मार ना. एक पुरे होईल."

"नाही."

"बाई बघ कशा झाल्यात! तुला परवाना आहे, बंदूक आहे. कसली वाट बघतेस?"

"पहिल्यांना जाऊ द्यायचं."

बावीस वर्षांपूर्वी, सोळा वर्षांची असताना, वेल्मा याच झुडपांत अशीच पालथी पडली होती. त्या वर्षी वडील नुकतेच गेले होते आणि तिला गावात पहिलं मांस आपणच आणायचं होतं, आईला दाखवायचं होतं की घरात शिकार करणारं अजून कुणी आहे. कळप येईपर्यंत तिला धीर धरवला नाही. तिने पुढच्या मादीवर गोळी झाडली. नेम चुकला. माद्या उलट फिरल्या, नदीत पडल्या, पलीकडच्या डोंगराआड गेल्या, आणि त्यांच्यामागे सगळेच. त्या हिवाळ्यात गाव सशांवर जगलं. तिला कुणी एक शब्द बोललं नाही. मिरियम मावशी रोज सशाच्या रश्शाचं भांडं दारात ठेवून जायची. कुणीतरी रागावलं असतं तर बरं झालं असतं, असं वेल्माला तेव्हा वाटे. अजूनही वाटायचं.

रसचा हात सरकत सरकत बंदुकीकडे आला. तो वाईट माणूस नव्हता. आयुष्यभर आगीतून माणसं ओढून काढली होती त्याने, आणि शेजारी एक म्हातारी बाई पांढरी पडत चाललेली त्याला बघवत नव्हती.

त्या हातावर दुसरा हात पडला. प्रुएटबाईंचा, हाडकुळा.

"हात मागे घे," त्या पुटपुटल्या. "मी चाळीस वर्षं मुलांच्या रांगा लावल्या. पहिली चार नीट गेली की मागची तीनशे आपोआप जातात. पहिल्या चारांत गोंधळ झाला की घंटा होईपर्यंत कुणी सरळ होत नाही."

रसने हात मागे घेतला, वर्गात पकडलेल्या पोरासारखा. हान्नेसने तर कॅमेरा केव्हाच स्वेटरमध्ये गुंडाळून पोटाखाली घेतला होता.

वाकड्या शिंगाची म्हातारी त्यांच्या अगदी जवळून गेली. तिच्या नाकाची वाफ दिसली. मग त्या सगळ्या काठाकाठाने, खाली गावाच्या दिशेने दिसेनाशा झाल्या.

आणि मागून कुणीच आलं नाही.

संध्याकाळ झाली. समोरचा काठ रिकामा. रेडिओवर मावशीने विचारलं, "दिसले?" वेल्मा म्हणाली, "पहिले गेले. मागचे नाहीत अजून." "बरं," मावशी म्हणाली.

वेल्माने शेवटच्या पिठाच्या तीन भाकऱ्या केल्या आणि स्वतः नुसता चहा प्यायली. अंथरुणात पडल्यावर तिला एकच हिशेब सुचत होता. मागचे आले नाहीत तर गावही उपाशी आणि पाहुणेही, आणि या वेळी गोळी न झाडून. तिला रडू आलं. ते तिने तोंडात उशी धरून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला सगळ्यात आधी आवाज आला. चालताना कॅरिबूच्या घोट्यात कट् कट् वाजतं. एकाचं ऐकूही येत नाही. हे तर कुणी मूठमूठ खडे चाळतंय असं वाजत होतं.

"हे काय आहे?" हान्नेसने विचारलं.

वेल्माने नुसतं बोट दाखवलं. समोरचा अख्खा डोंगरउतार हलत होता.

दुपारपर्यंत ते पार होत राहिले, बरोबर म्हातारीच्या वाटेने. रांग घट्ट झाली, मागचे पुढच्यांना ढकलू लागले, आता यांना कुणी फिरवू शकणार नाही असं दिसलं, तेव्हा वेल्माने कडेचा एक तरणा नर निवडला. एकच गोळी. आजूबाजूचे चार दचकले, बाजूला झाले आणि परत रांगेत आले.

सोलायला तिघंही आली. हान्नेसने पाय धरले. कॅमेरा तंबूतच राहिला होता आणि त्याच्या ते लक्षातही नव्हतं. प्रुएटबाई ओंडक्यावर बसून सगळं बघत होत्या, मान न वळवता. वेल्माने थोडी चरबी आगीत टाकली, आपल्या भाषेत दोन शब्द म्हटले. मग जीभ शिजवून कापली आणि ताटली बाईंपुढे धरली.

"मला एकटीलाच?"

"जीभ वडील माणसाची. आमच्यात तसंच असतं."

बाईंनी एक तुकडा खाल्ला. बराच वेळ चावला. "बंदुकीबद्दल मी काय म्हणाले होते, ते विसर," त्या म्हणाल्या.

"कडीबद्दल पण विसरा सगळ्यांनी," रस तोंडात घास असताना म्हणाला आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा सगळे हसले.

पुढल्या दिवशी आकाश मोकळं झालं. उद्या विमान नक्की, असा निरोप दुपारीच आला होता. तरी सहाला वेल्मा रेडिओपाशी जाऊन बसली. बाकीचे तिघं, कुणी न बोलावता, तिच्याभोवती आले.

"आले गं," मिरियम मावशीचा आवाज खरखरत आला. मागे माणसांचा गलका, कुत्री, कुणीतरी गात होतं. "सकाळपासून चाललेत. सगळ्या घरांना पुरेल. पुढे वाकड्या शिंगाची एक होती म्हणे, तिला कुणी हात लावला नाही. वर कुणी नीट बसलं होतं झुडपात."

"मी होते, मावशी."

"ठाऊक आहे मला. बावीस वर्षं झाली ना गं?"

वेल्माचा अंगठा बटणावर होता, पण दाबला जाईना. तिला वाटलं होतं, ही वर्षं आपण एकटीच मोजतोय.

"गावातली पहिली जीभ माझ्याकडे आलीये," मावशी पुढे म्हणाली. "मी खाल्ली नाही. झाकून ठेवलीये. उद्या आलीस की आधी माझ्याकडे यायचं. ऐकतेयस ना? गेलीस का कुठं?"

प्रुएटबाईंनी वेल्माच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि बटण दाबलं.

"आहे, मावशी," वेल्मा म्हणाली. "इथंच आहे."