सशाचं रक्त आणि माझी अंडी

ग्लासात चमचा किणकिणला आणि खोलीतली शांतता मोडली. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई साखरेचं पाणी ढवळत होत्या.

मी एक म्हातारी डासाची मादी आहे, मित्रांनो. वय विचाराल तर काही आठवड्यांचं. आमच्यात हे पणजी होण्याचं वय. मी साधी आईही झाले नाही, आणि त्याचाच मला राग आहे.

माझा जन्म पसरट ताटलीतल्या पाण्यात झाला. पंख फुटल्यावर या जाळीच्या पिंजऱ्यात आले. साखरपाण्याचा कापूस चोखायचा आणि लटकून राहायचं. आमचे नर जन्मभर तेवढ्यावर भागवतात. मादीला मात्र अंडी धरायची तर रक्तच लागतं. चैन म्हणून कुणी जिवावर उदार होऊन चावत नाही.

एके दिवशी पिंजऱ्यावर पातळ पडदा ताणलेली वाटी पालथी ठेवली. आत सशाचं कोमट रक्त.

"जेवा गं बायांनो, पोटभर जेवा," बाई म्हणाल्या.

"एवढ्या मायेनं मला घरी कुणी वाढत नाही, ताई," त्यांचा चष्मेवाला सहकारी म्हणाला.

मी जेवले. पोट टम्म फुगलं. त्या रक्तात काय होतं, ते मागाहून त्यांच्या बोलण्यातून कळलं. आमच्याच आतड्यांचा चुरा करून त्या सशाला टोचला होता. शत्रू ओळखून त्याला चिकटणारे बारीक पहारेकरी रक्तात असतात. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. सशाच्या पहारेकऱ्यांना शिकवलेला शत्रू म्हणजे माझं आतडं. ससा तिकडे निवांत गवत खात बसला, आणि त्याचे पहारेकरी माझ्या पोटात शिरून आतड्याच्या अस्तराला चिकटले. काही आरपार जाऊन अंड्यांपर्यंत पोचले. जाळीवर माझे पाय ठरेनात.

शेजारच्या पिंजऱ्याला काहीच न टोचलेल्या सशाचं रक्त दिलं होतं. तिथला अंडी घालायला ठेवलेला ओला कागद अंड्यांनी काळा झाला. आमचा जवळजवळ कोराच. माझी दोन-चार आली, तीही फिकट, सुकलेली.

"जमलं बघा," चष्मेवाला म्हणाला. माझी कूस रिकामी राहिली, आणि याचं जमलं.

ताप पसरतो म्हणून तुम्ही आमच्यावर चिडता. चिडा. पण बाहेरच्या माझ्या बहिणींना जागा कोण देतं? टाकीचं फुटकं झाकण कोण बदलणार? कुंडीखालच्या बशीतलं पाणी कोण ओतणार? पाणी तुम्ही साचवायचं आणि पहारेकरी माझ्या पोटात पाठवायचे? आधी झाकण घाला, मित्रांनो. मग माझ्याकडे बोट दाखवा.

आज बाईंसोबत त्यांची लेक आली होती. तापातून नुकती उठलेली, मनगटं काडीसारखी. पाळणाघरात इतक्यात घेईनात, म्हणून आणलेली. तिनं जाळीला नाक लावलं.

"आई, ही अशी पडून का आहे?"

"बरं नाही तिला, सोन्या."

"हिनंच मला ताप दिला?"

"नाही गं. ही कधी इथून बाहेरच गेली नाही."

"मग तिला काय झालं?"

बाईंनी चमचा खाली ठेवला. "जेवणातून काहीतरी गेलं तिच्या पोटात. तुझ्यासारखा ताप पुन्हा कुणाला येऊ नये ना, म्हणून."

"जेवायला कोण देतं तिला?"

"मीच देते."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग जेवायच्या आधी तू तिला सांगितलंस का?"