मरळीच्या पोटातली मरळ

सरजाबाईच्या पाठीवर आसूड कडाडला आणि विष्णुपुरीजवळच्या त्या मत्स्यबीज केंद्रात शंभरेक माणसं बेंबीच्या देठापासून ओरडली, "जलनाथबुवा की जय!"

बुवांचा चमत्कारच तसा होता. हौदांतली मरळीची पिलं रोज गायब व्हायची; मेलेलीही सापडत नव्हती. बुवांचा अंगारा ज्या हौदात पडला, तिथली मात्र टिकली. मग बाकीची खातं कोण? बुवांनी बोट दाखवलं ते पिलांना खाणं घालणाऱ्या सरजाबाईकडं.

"भूकंपात घरची पाच माणसं खाल्ली हिनं! आता हौद खाऊन राहिली! बोल, कोण हायस तू?"

सरजाबाईची लेक लुंबिनी जवळच्याच एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. निरोप मिळताच ती धावत आली, तेव्हा आईच्या नाकातोंडातून रक्त गळत होतं. लातूरच्या भूकंपानं या दोघीच मागं ठेवल्या होत्या. लुंबिनी गर्दीत घुसली, बुवांचा पुढचा फटका तिनं हातावर झेलला. मनगट फाटलं.

"माय, पिलांना काय घालत होतीस?"

"नुसता कोंडा. बुवानं सुकट बंद केली. पिलं उपाशी हायेत म्हणलं, तर माझ्यावरच उलटला."

केंद्राचे मालक गुरुपादप्पा पक्के शाकाहारी. ते पुटपुटले, "हौद सात्त्विक पायजे म्हणले बुवा."

लुंबिनीनं हौदातलं एक फुगलेलं पिलू उचललं आणि ब्लेडनं त्याचं पोट चिरलं. आत दुसऱ्या पिलाचं अर्धवट पचलेलं डोकं होतं.

"बघा, कोण खातंय! अंड्यातला बलक संपला की पिलाला वाढायला भरपूर प्रथिनं लागतात. त्यातली काही अमिनो आम्लं त्याच्या अंगात बनतच न्हाईत, खाण्यातूनच मिळावी लागतात. कोंड्यात ती पुरेशी नसतात. मग उपाशी मोठं पिलू लहानाला गिळतं."

"मग अंगाऱ्यानं कशी वाचली?" बुवा गरजले. "भस्म होशील, पोरी!"

लुंबिनीनं त्यांच्या बटव्यातला मूठभर अंगारा त्यांच्याच धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर टाकला. राख काही पुन्हा जळत नाही. हा अंगारा मात्र चरचरला, आणि उदाच्या घमघमाटातून भलताच वास उठला. हौद धुणाऱ्या बेगमबीनं हुंगलं.

"या अल्ला! ही तं भाजलेली सुकट हाय! कुटून राखेत कालवली की मेल्यानं!"

झालं. आत्ता जयजयकार करणारी तोंडं शिव्या देऊ लागली. बुवांच्या तोंडावर दगड बसला, दात तुटून मातीत पडला. कुणीतरी आसूड उचलला. लुंबिनीनं तो हिसकावून हौदात फेकला.

"त्याला पोलिसांत द्या. आणि माझ्या मायला कुणी कुणी धरलं होतं, तेबी तिथं सांगा. पिलू चिरायला मला किती वेळ लागला? हात उचलायच्या आधी एकानं तरी हौदात बघायचं होतं!"