माझ्या कुशीतला जाळ

मित्रांनो, ज्याला स्वतःचं तोंड कधीच दिसत नाही, असा मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे. तुम्ही आरशापुढे उभे राहता, तळ्यात वाकून बघता. माझं तोंड मात्र सदा दुसऱ्याकडे वळलेलं. मी बोललो की समोरच्या माणसांचे चेहरे क्षणभर नारिंगी होतात आणि लगेच विझतात. माझी आणि आगीची ओळख एवढीच होती. तीही खोटी निघाली, आणि तेव्हापासून मी फार गोंधळलो आहे.

दूर देशातल्या एका कारखान्यात मला घडवलं. पोलाद तापवलं, ठोकलं, तेलात बुचकळलं. पोटात सहा घरांची चक्री बसवली, पाठीवर घोडा बसवला. माझी जात दांडगी. माझ्या एकेका काडतुसात बोटभर दारू ठासलेली, आणि ती दारू जळायला नळी मात्र आखूड. जेवणारे शंभर आणि ओसरी दहा जणांची, तसं माझं. पण हे मला तेव्हा कळत नव्हतं. बोटीतून आलो, एका म्हाताऱ्या शिकाऱ्याकडे राहिलो, आणि तो थकल्यावर रीतसर परवान्याने भिवंडीजवळच्या अंजूर गावातल्या दाजींकडे आलो.

दाजींची भातशेती खाडीच्या अंगाला होती. तिथे आता गोदामं उभी आहेत. जमिनीचे व्यवहार सुरू झाले, रात्री-बेरात्री फोन येऊ लागले, म्हणून दाजींनी मला आणलं. पण मित्रांनो, त्या घरात मी कुणावरही रोखला गेलो नाही. कपाटात लोकरी फडक्यात निजायचो. दसऱ्याला दाजी मला तेल लावायचे, कोयता आणि ट्रॅक्टरच्या पंक्तीत बसवून झेंडूचं फूल वाहायचे. पाहुणे म्हणायचे, "दाजीशेठ, जरा हातात तं द्या." मग माझं वजन तोलून माना डोलवायचे. मला वाटे, आपण या घरातले कुणीतरी आहोत.

मग धनेशची हळद आली.

धनेश दाजींचा पुतण्या. बाप लहानपणीच गेलेला, तेव्हा दाजींनीच त्याला आणि त्याच्या बहिणीला, भाविकाला, वाढवलं. अंगणात मांडव पडला. दिवेलागणीच्या सुमाराला कमळा धवलारीण पाटाशी बसली. आमच्याकडे लग्नाचे विधी हिच्या गाण्यावर चालतात. तिने गायला सुरुवात केली:

"पयली हलद गो चढली, आयेचे हाताची,
दुसरी हलद गो चढली, चुलत्याचे नात्याची."

चुलत्याचं नाव आलं आणि दाजींचे डोळे भरले. ते आत गेले, कपाट उघडलं, आणि मला घेऊन मांडवात आले.

भाविका पुढे झाली. "काका, नको ना. हल्ली यावरून केस होते."

"एकच वाजवतो. तुजा बाप असता तं त्यानं वाजवली असती."

"बाबांकडे साधी गलोल नव्हती, काका."

बायका हसल्या. दाजीही हसले, पण मला खाली ठेवलं नाही. कमळा म्हणाली, "शुभ काम एकल्यानं करू नये. हात लाव रं पोरा काकाचे हाताला."

ही आमच्याकडची रीत. आरती एकाने ओवाळली तरी घरचे त्याच्या हाताला हात लावतात, म्हणजे पुण्य सगळ्यांचं. धनेशनेही तसाच हात लावला. हळदीने ओला, तेलकट हात. तो दाजींच्या मुठीवरून घसरून पुढे आला, आणि त्याची बोटं माझ्या कमरेवर टेकली. तिथे चक्री संपते आणि नळी सुरू होते. दोघींच्या मध्ये एक बारीक फट असते. ती नसेल तर चक्री फिरायचीच नाही.

माझं तोंड आभाळाकडे होतं. घोडा पडला. सगळे चेहरे नारिंगी झाले. तेवढ्यात मांडवाच्या कडेला फटाकेवाल्या काळूरामचे अनार फुलले, आणि धनेश हात पोटाशी घेऊन खाली बसला.

पिवळ्या बोटांवर आडवी काळी रेघ उठली होती. रेघेखालची कातडी फाटली होती.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग काळूरामकडे पाहिलं. काळूराम दिघाशी गावचा, हळदीत आणि वरातीत अनार लावण्याचं काम करणारा.

"एवढ्या जवल अनार लावतंस? डोळं फुटलं का तुजं?"

"शेठ, माजे अनार थय हायेत, खांबाशी. नवरदेव हय हाय. ठिनगी काय रिक्षानं आली?"

कुणी हसलं नाही. दोघांनी त्याला दंडाला धरून फाटकाजवळच्या खुर्चीवर बसवलं. डॉक्टरकडे सांगितलं गेलं, अनाराने भाजलं. ठरलं असं की सकाळी काळूरामला पोलिसांत द्यायचं, आणि तालुक्यात त्याला पुन्हा कुणी कामाला बोलवायचं नाही. लग्नसराई तोंडावर होती. काळूराम मान खाली घालून हाताची नखं बघत बसला.

खरं सांगतो मित्रांनो, मलाही वाटलं, त्याचीच चूक. आग माझ्या तोंडातून जाते. तोंड तर आभाळाकडे होतं, पोराच्या बोटांच्या पुढे होतं. मग ती रेघ माझी कशी असेल?

धनेश हाताला पट्टी बांधून परतला तरी कमळा गाईना. दाजी म्हणाले, "कमळाबाय, पुरं करा गानं. मुहूर्त जातंय."

"माज्या बोलन्यावर पोरानं हात लावला, दाजी. त्यो कशानं जलला ते कल्याबिगर माजा गला उघडायचा न्हाय."

धवलारीण गप्प म्हणजे हळद अर्धवट, आणि अर्धवट हळदीवर लग्न लागत नाही. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. तेव्हा शूटिंगवाला इक्बाल पुढे आला. भिवंडीचा, अर्ध्या तालुक्याच्या लग्नांत कॅमेरा धरणारा.

"दाजीशेठ, माझ्याकडे सगळं आलंय. हळू करून बघता येतं. पण बार पण त्यातच आहे, समजलात ना? तुम्ही बोललात तर आत्ताच्या आत्ता पुसून टाकतो."

दाजींनी एकवार माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पूस."

"काका," धनेश म्हणाला, "हात माजा जलालाय. आधी मना बगू दे."

मी तिथेच पाटाजवळ, फडक्यावर पडलो होतो. इक्बालने पडदा सगळ्यांकडे वळवला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड पाहिलं.

माझ्या तोंडाशी काहीच नव्हतं. तिथे काळोख होता. त्याच्या पुढे वीतभर अंतरावर, हवेत, जाळाचा एक गोळा लोंबत होता, माझ्याहून मोठा. जणू तो माझा नव्हताच, वाटेत कुठेतरी जन्मला होता. आणि माझ्या कमरेतून, त्या फटीतून, दोन्ही कुशींना जाळाची दोन पाती बाहेर आली होती. त्यातलं एक पातं पिवळ्या बोटांवरून गेलं होतं. मागे खांबाशी अनार काळेच होते. अजून पेटले नव्हते.

"आय गं," कमळा हळूच म्हणाली.

दाजींना तरीही पटेना. "जाल तोंडातून येतंय. कमरेतून कसा येल?"

भाविका कॉलेजात रसायन शिकते. ती म्हणाली, "काका, याची गोळी जबर आहे. दारू जास्त आणि नळी लहान. सगळी दारू आत पुरती जळतच नाही. गोळी सुटली की मागून तापलेला वायू बाहेर येतो, अर्धा जळलेला. बाहेरची हवा मिळाली की तो परत पेटतो. म्हणून जाळ तोंडाच्या पुढे दिसतो. आणि जिथे फट आहे तिथूनही तोच दाब निसटतो."

"म्हंजी चुलीवानी," कमळा म्हणाली. "वल्ली लाकडं धुमसतान. फुंकनीनं फुकलं का धूरच भडकतंय. हात जवल असला तं गेला."

"हो मावशी. तसंच."

फाटकाजवळून काळूरामचा आवाज आला. "माजे अनार गरीब हायेत, शेठ. ते एकाच तोंडानं बोलतात."

आता थोडं हसू फुटलं, पण दाजी हसले नाहीत. त्यांनी मला उचललं, चक्री उघडून रिकामी केली, आणि फाटकापाशी गेले.

"ऊठ रं, काळूराम. त्या खुर्चीव मी बसतंय."

काळूराम उठला. दाजी खरंच बसले, मला मांडीवर घेऊन. "इक्बाल, पुसू नको. उद्या अक्षता पडल्या का मीच जातंय पोलिसांत. डॉक्टरला बी खरं सांगतंय." भाविका त्यांच्या पायाशी बसली. धनेशने दुसरा, बरा हात पुढे केला, आणि कमळाने उरलेली हळद त्या हाताला लावत गाणं पुरं केलं.

आता मी पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत आहे. अंगावर पांढरं कापड, त्यावर लाखेचं सील. परवाना गेला, खटला चालू आहे. तेल लावायला कुणी येत नाही, सांध्यात गंज धरतो आहे. मी तक्रार करत नाही. फक्त विचार करत बसतो. जो जाळ माझ्या बाहेर, सगळ्यांच्या हवेत पेटतो, तो माझा म्हणायचा का? आणि माझा नसेल, तर धनेशच्या बोटांवर कुणाची रेघ आहे? घरातला कुणीतरी म्हणून ज्याला फूल वाहिलं, त्याच्याच कुशीत असं काही असावं, हे मला अजून उलगडत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी हळद असेल तेव्हा ढोल वाजवा, घसा बसेपर्यंत गा, नाचा. पण कपाटातल्या माझ्यासारख्याला आनंदात सामील करून घेऊ नका. आम्हाला आनंद कळत नाही. कुणी कपाटाकडे निघालाच तर वाटेतच आडवे व्हा, रुसा, भांडा, पाहिजे तर जेवण सोडा.

कारण सील लावताना साहेबांनी दाजींना एक प्रश्न विचारला होता. "गोळी कुठे गेली?"

"वर," दाजी म्हणाले.

"ते झालं हो. खाली कुठे आली?"

दाजींच्या मांडवाभोवती गोदामांचे पत्रे आहेत, कापडाच्या लूमवर कामाला जाणाऱ्या माणसांच्या खोल्या आहेत, गच्चीवर खेळणारी पोरं आहेत. ऐकतो की दाजी आता शेलार गावापर्यंत दारोदार विचारत जातात, तुमच्याकडे त्या दिवशी वरून काही पडलं का. लोक त्यांना पाणी देतात आणि मान हलवतात. अजून कुणी हो म्हणालेलं नाही. मी इथे अंधारात त्या उत्तराची वाट बघतो, आणि ते कधीच येऊ नये, असंही मला वाटतं.